मेहुण्याची पलटण

शिरोलीच्या एमआयडीसीत माझ्या एका मित्राची फाउंड्री आहे. माणसं साठेक, इंडक्शन भट्ट्या दोन, गिऱ्हाईक बहुतेक पंपवाले आणि ट्रॅक्टरवाले. या मित्राला आम्ही सगळेच 'दाजी' म्हणतो, कारण त्यांच्या मेहुण्यानं ते नाव आमच्या सगळ्या टोळक्यात रूढ करून टाकलं. मेहुणा म्हणजे शेखर. कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर, आणि वर्षातले दोन महिने टेरिटोरियल आर्मीत (टीए), म्हणजे प्रादेशिक सेनेत, कॅप्टन. उरलेल्या वेळात तो पळतो आणि सह्याद्रीतले कडे चढतो. उरलेला वेळ येतो कुठून, हा दाजींचा कायमचा प्रश्न आहे. दोघांचं यावरून वाजतं ते मी पुष्कळदा ऐकलंय. मागे एकदा जेवणं झाल्यावर पानं हातात असताना जुंपली, त्यातलं लक्षात राहिलं तेवढं इथं उतरवतो.

दाजी : तुला पळायचंय, पळ. मुंबईला पळ, साताऱ्याचा यवतेश्वर घाट पळ. कडे चढायचेत, दोर घे आणि लिंगाण्यावर जा. देशसेवा करायची होती तर बाविसाव्या वर्षी सैन्यात जायचं होतंस, कोण आडवं आलं होतं? पण या तिन्हीचं कालवण करून कंपनीच्या ताटात का वाढायचं?

शेखर : आडवी सैन्याची एसएसबी मुलाखत आली होती दाजी. पाचव्या दिवशी घरी पाठवलं. तुम्हीच स्टेशनवर घ्यायला आला होता.

दाजी : आलो होतो म्हणूनच विचारतो. राहून गेलेली हौस भागवायची ही जागा आहे का?

शेखर : हौस म्हणा, मला लाज नाही. टीएमध्ये अधिकारी व्हायचं तर पहिली अटच अशी, की तुमचं पोट दुसऱ्या कशावर तरी भरत असलं पाहिजे. वय 18 ते 42, पदवी, तब्येत, आणि स्वतःची कमाई. नोकरी असो, वकिली असो, दुकान असो. 1948 साली कायदा झाला, 9 ऑक्टोबर 1949 ला राजाजींनी उद्घाटन केलं, तेव्हापासून मांडणी हीच आहे. शांततेत माणूस आपापल्या कामावर, गरज पडली की पलटणीत. पगार फक्त गणवेशात असेल तेवढ्या दिवसांचा.

दाजी : म्हणजे फौज सरकारची आणि दहा महिने ती पोसायची आम्ही.

शेखर : पोसता कसली? दहा महिने मी कंपनीचं काम करतो की.

दाजी : करतोस, आणि चांगलं करतोस, हीच तर अडचण आहे. नुसत्या सहीचा माणूस दोन महिने नसला तर कोणाला कळतसुद्धा नाही. आता बघ, परवा माझा एक लॉट परत आला. पंपाच्या केसिंगला ब्लोहोल. वरून कास्टिंग आरशासारखं, मशीनवर कट घेतला की आत भोकं. वाळूत ओल जास्त झाली, का कोअर कच्चा राहिला, का ओतताना धातू थंड होता, हे जो रोज बघतो त्यालाच सापडतं. माझा क्वालिटीचा माणूस लग्नाला चार दिवस गावी गेला होता, तर मी तीन हीटचा माल भंगारात टाकला. तुझ्या कंपनीला तू दोन महिने नसतोस. तुझ्या जागी कोण बसतं?

शेखर : कुलकर्णी बसतो.

दाजी : त्याला काय मिळतं?

शेखर : (जरा थांबून) शिव्या मिळतात.

दाजी : मग पदक त्याला द्या!

इथं माझी बाजू सांगून टाकतो : या मुद्द्यावर मी दाजींचा. राखीव सैनिकाबद्दल जे कौतुकानं लिहिलं जातं, त्यात त्यानं नोकरी, सेवा आणि खेळ यांचा तोल कसा सांभाळला ते येतं. कुलकर्णी येत नाही. तोल सांभाळणारा माणूस दोरीवर दिसतो, पण दोरीची टोकं दोन्हीकडे कुणीतरी धरून उभं असतं, आणि त्याच्या हाताला घट्टे पडतात. शेखरच्या घरात हे टोक त्याच्या बायकोच्या हातात आहे. पोराची शाळा, सासूचं डायलिसिस, गॅसचा नंबर, सगळं. दाजींनी तेही काढलं, तेव्हा शेखर म्हणाला, "तिला विचारूनच दरवर्षी जातो." आतून आवाज आला, "विचारत नाही, कळवतो." मग तो विषय तिथंच संपला.

शेखर : कायदा काही अगदीच आंधळा नाही दाजी. कलम 7अ आहे. सेवेला बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर कामावर घेणं मालकावर बंधनकारक आहे.

दाजी : बंधन माझ्यावर, बरोबर. आणि तू नसताना बदली माणूस लावला, त्याचा खर्च कोण देणार? ब्रिटनमध्ये म्हणे, राखीव सैनिकाला मोहिमेवर बोलावलं तर मालकाला सरकारकडून जादा खर्च मागता येतो. माझ्या गिऱ्हाईकाच्या तिथल्या माणसानं सांगितलं. तो स्वतः तसाच, वर्षाला 27 दिवसांची बांधिलकी, दोन-तीन आठवड्यांनी एखादा शनिवार-रविवार, वर बोनस, आणि त्यातून आल्प्समध्ये स्कीइंग करून येतो. फोटो पाठवतो मला.

शेखर : मग तिथं साहस चालतं आणि इथं मी लिंगाण्यावर गेलो की हौस?

दाजी : तिथं मालकाचा हिशेब चुकता होतो, म्हणून चालतं. हिशेब चुकता झाला की मलाही तुझी हौस गोड लागेल.

शेखर : हिशेबच काढायचा तर स्वप्निल कुसाळेचा काढा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. रेल्वेत तिकीट तपासनीस होता. 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ. त्या पोरानं किती वर्षं सराव केला असेल, किती दिवस रेंजवर आणि स्पर्धांत काढले असतील? तेव्हा तुम्ही इथून मिरवणूक बघायला गेला होता. रेल्वेचा कुलकर्णी कोण होता, हे तुम्ही विचारलं नाही.

दाजी : (हसून) सापडलो बघ. पण गड्या, रेल्वेत बारा लाख माणसं. त्यात एक नेमबाज, दहा पैलवान, चार खो-खोवाले सहज जिरतात. माझ्याकडे साठ. साठातला एक गेला की माझी शिफ्ट लंगडी होते. खेळाडू आणि राखीव सैनिक मोठ्या संस्थेनंच पाळावेत. सरकारी बँक, तेल कंपनी, रेल्वे. रेल्वेच्या आणि तेल कंपन्यांच्या टीए पलटणी आहेतच की. तो मार्ग सरळ आहे, माणूस त्याच खात्याचा, काम त्याच खात्याचं.

शेखर : आणि इन्फंट्रीत कोण येणार मग? माझ्या प्लाटूनमध्ये कोण आहेत सांगू? करवीरचा एक दूधवाला, हातकणंगल्यातला एक यंत्रमागवाला, गडहिंग्लजचा शाळेतला शिपाई, दोन शेतकरी. ह्यांच्या मागं कुठली रेल्वे आहे? उसाला पाणी द्यायला भावाला सांगून येतात.

दाजी : ते ठीक आहे. शेतकऱ्याचं तसं चालतच आलंय. पावसाळ्यात शेत, दसऱ्याला सीमोल्लंघन. मावळ्याचंही तेच होतं.

शेखर : तेच म्हणतोय! महाराजांच्या फौजेत पावसाळ्यात छावणी, दसरा झाला की मुलूखगिरी. आम्ही त्यांच्याच चालीवर आहोत.

दाजी : अर्धंच सांगतोस. शिवकाळात घोडदळ दोन तऱ्हेचं होतं. बारगीर, ज्याचा घोडा सरकारी पागेतला. आणि शिलेदार, जो स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. महाराजांनी जोर कुणावर दिला? पागेवर. शिलेदारांनाही पागेच्या हाताखाली ठेवलं. का? घोडा ज्याचा, मर्जी त्याची. लढाई नको वाटली की घोडा लंगडतो. तू शिलेदार आहेस बाबा. घोडा तुझा, म्हणजे नोकरी तुझी, तब्येत तुझी, वेळ तुझा. सरकार फक्त चंदी घालतं, तीही दोन महिने.

हा वार मला अनपेक्षित होता. दाजी इतिहास फार वाचतात असं नाही, पण पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला पागा आणि शिलेदार शिकवावे लागत नाहीत. शेखरही क्षणभर गप्प झाला. मग त्यानं वाद सोडून एक गोष्ट सांगायला घेतली, आणि मला वाटतं त्या संध्याकाळी खरं काही बोललं गेलं असेल तर ते इथं.

शेखर : शिलेदार म्हणालात ना? पहिल्या कँपला मी तसाच गेलो होतो, स्वतःचं घोडं घेऊन. तोवर मॅरेथॉनं पळालेलो, हाफचा टाइम चांगला, अंगात मस्ती. लष्कराची बीपीईटी नावाची चाचणी असते. पाच किलोमीटर पळायचं, पण बूट घालून, पाठीवर पिट्ठू, हातात रायफल. मग साठ मीटरची दौड, दोरावर चढायचं, नऊ फुटी खड्डा उडी मारून पार करायचा. मी म्हटलं, हे आपलंच मैदान. पळालो, पहिला आलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन दिवसांनी रूट मार्च. पहाटे चारला फॉल-इन. दोन तासांनी रायफलचा पट्टा गळ्याच्या हाडावर असा घासतो की कातडी सोलते, बाजू बदलली की ती बाजूही सोलते. घाम बुटात उतरतो आणि मोजा टाचेशी गोळा होतो. एकदा तो गोळा झाला की थांबून सारखा करायचा असतो, नाहीतर फोड येतो. पण थांबलं की रांग पुढं जाते. मी पुढं पुढं निघालो. मागून आमचे सुभेदार साहेब आले, पन्नाशीकडं झुकलेले, आणि कानाशी म्हणाले, "साहेब, इथं पहिलं यायचं बक्षीस नसतंय. मागं बघा." मागं तो दूधवाला. गुडघा धरून चालतोय, रांगेपासून चांगला दोनशे मीटर तुटलेला. माझ्या प्लाटूनचा माणूस, आणि तो तुटलाय हे मला ठाऊक नाही. मी परत मागं गेलो. उरलेला सगळा मार्च त्याच्या चालीनं चाललो. दाजी, स्वतःपेक्षा हळू चालणं इतकं अवघड असतं, हे मला कुठल्याही मॅरेथॉननं शिकवलं नव्हतं. पाय दुखत नाहीत, जीव उतावळा होतो. त्या सहा तासांत त्याच्या म्हशींची नावं पाठ झाली माझी.

दाजी : म्हणजे खेळ कामाला आला नाही.

शेखर : आला, पण उलटा. अंगात दम शिल्लक होता म्हणून मला मागं जाता आलं. दमलेला माणूस दुसऱ्याकडं बघत नाही. पळण्याचा उपयोग एवढाच, पण तेवढा मोठा आहे.

दाजी : बरं. आणि लिंगाण्याचा काय उपयोग?

शेखर : तो कमी झालाय. तिथं तुमचं मला थोडं मान्य आहे. तुम्हाला वाटतं मी तिन्ही रेटतोय. नाही रेटत. लष्करात वैद्यकीय दर्जा असतो, शेप वन म्हणतात. गुडघा गेला, खांदा निखळला की दर्जा घसरला, मग कँपही नाही आणि बढतीही नाही. पूर्वी मी पावसाळ्यात ओल्या कातळावर चढायचो. सोडलं. कॉम्रेड्सचं मनात होतं, दक्षिण आफ्रिकेतली ती नव्वद किलोमीटरची शर्यत. आपल्याकडची किती माणसं जाऊन आली. त्याच्या तयारीत आठवड्याला शंभर किलोमीटर पळायचं म्हणजे गुडघ्यांचा नाश, तेही सोडलं. आता पाठीवर वीस किलोची वाळूची पिशवी घेऊन पन्हाळ्याची वाट चढतो-उतरतो. बघणाऱ्याला वेडेपणा वाटतो. फोटोला काहीच मिळत नाही त्यात.

दाजी : वाळू पाहिजे तर माझ्याकडून ने. जळकी भरपूर पडलीय.

शेखर : तुमच्याच फाउंड्रीतली आहे ती.

दोघंही हसले. पण दाजी सोडणारे नव्हेत. त्यांनी मोर्चा जाहिरातीकडे वळवला.

दाजी : मग ते पोस्टर खोटं ना? बर्फाचा डोंगर, पॅराशूट, वर क्रिकेटपटू. कपिल देवला लेफ्टनंट कर्नल केलं, धोनीला केलं, परवा नीरज चोप्रालाही. पोरं ते बघून येतात.

शेखर : ती मानद पदं आहेत, 2008, 2011, 2025 ची. पण धोनीनं 2015 ला आग्र्याला खरोखर पाच उड्या मारल्या विमानातून, 2019 ला काश्मीरमध्ये पलटणीबरोबर राहिला, गस्तीला आणि पहाऱ्याला उभा राहिला. पोस्टरवर उडी छापतात, पहारा छापत नाहीत. आमचं काम नव्वद टक्के पहारा आहे. पूल, डेपो, रस्ता. नेहमीच्या फौजेला पुढं जाता यावं म्हणून मागचं सांभाळायचं. 1962, 65, 71, तिन्ही वेळेला टीए होती, श्रीलंकेतही गेली, पण तुम्हाला एक तरी किस्सा ठाऊक आहे? नसणारच. पहाऱ्याचा किस्सा होत नाही. रात्री दोन ते चारची ड्यूटी, समोर पाण्याची टाकी, आणि काहीही घडत नाही. काही घडू नये हेच काम.

दाजी : मग साहसाचं आमिष कशाला?

शेखर : कारण पहाऱ्याला या म्हटलं तर कोण येईल?

याचं उत्तर दाजींकडेही नव्हतं. माझ्याकडे आहे, पण ते थोडं कडू आहे. टीएच्या पर्यावरण पलटणी घ्या. पहिली 1982 च्या डिसेंबरात डेहराडूनला उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर बोडके केले होते, तिथं झाडं लावायचं काम. त्यात बहुतेक माजी सैनिक. खड्डा काढ, रोप लाव, कुंपण घाल, पाणी दे. साहस शून्य. तरी माणसं आली, कारण त्यांना गणवेश, पगार आणि घराजवळ काम हवं होतं. आमिष साहसाचंच लागतं असं नाही. ते शहरातल्या, पोट भरलेल्या माणसालाच लागतं. शेखरला हे मी बोललो नाही. त्या घरात मी पाहुणा.

दाजी : आता खरं विचारतो. 2025 च्या मे महिन्यात बातमी आली तेव्हा तुझी ताई रात्रभर झोपली नाही.

शेखर : माहीत आहे.

दाजी : काय होतं नेमकं ते? टीव्हीवर नुसता आरडाओरडा होता.

शेखर : 6 मे ची अधिसूचना. टीएच्या नियम 33 खाली लष्करप्रमुखांना अधिकार दिला, की लागतील ते अधिकारी आणि जवान बोलावून घ्या. 32 इन्फंट्री बटालियन आहेत, त्यातल्या 14 देशभरात तैनात करायला मंजुरी. मुदत फेब्रुवारी 2028 पर्यंत.

दाजी : म्हणजे दोन महिन्यांची भाषा गेली.

शेखर : दोन महिने प्रशिक्षणाचे असतात दाजी. बोलावणं आलं तर बोलावतील तितके दिवस. सही करताना ते वाचूनच केली होती.

दाजी : तू वाचली होतीस. तुझ्या कंपनीनं वाचली होती? तिनं वाचली होती? (आतल्या खोलीकडे हात.)

शेखर : कंपनीच्या एचआरला पत्र दिलं होतं.

दाजी : एचआरला पत्र म्हणजे देवाला चिठ्ठी.

शेखर : मग काय करू, सोडू?

दाजी : सोड म्हणालो का मी? 2019 च्या पुरात हायवे बंद, शिरोली पाण्यात, माझ्या कामगारांची घरं पाण्यात. लष्कराच्या बोटीनं माझ्या मोल्डरची आई छतावरनं उतरवली. त्या बोटीवरच्या पोराच्या जागी दुसरीकडं कोण काम करत होतं, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तो नेहमीचा फौजी होता का दोन महिन्यांचा, तेही विचारलं नाही. म्हातारी उतरली, बास.

शेखर : मग भांडण कशाला?

दाजी : भांडण पैशाचं आणि तारखांचं आहे, तुझ्या बहादुरीचं नाही. तू ते बहादुरीवर नेतोस म्हणून वाढतं. माझ्याकडं तुझ्यासारखा एक पोरगा टीएची परीक्षा देतोय. मोल्डिंगचा सुपरवायझर. परवा अर्ज घेऊन आला, सही पाहिजे म्हणाला. अजून दिली नाही.

शेखर : (पाठ ताठ करून) का?

दाजी : तू सांग काय करू. कँपची तारीख किती आधी कळते?

शेखर : वार्षिक कँपची बऱ्यापैकी आधी कळते. फार पुढं-मागं होत नाही.

दाजी : महिना, का तीन महिने?

शेखर : आमचं तीनएक महिने आधी कळलंय आतापर्यंत.

दाजी : तीन महिने मिळाले तर मी भट्टीचं लायनिंग त्यातच काढतो. तसंही वर्षातनं ती उतरवावीच लागते. दुसऱ्या माणसाला आधी महिनाभर त्याच्या हाताखाली ठेवतो, जास्तीचे पैसे देतो, त्याला शिव्या खायला लागायला नकोत. पण बोलावणं आलं, तर?

शेखर : त्याला तारीख नसते.

दाजी : मग ते आल्यावर बघू. अर्जावर सही कुठं करायची असते, मालक म्हणून का साक्षीदार म्हणून?